खिशातली कापलेली कड : सीडीच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनाचं एक प्रकरण

काम आलं तेव्हा अट एकाच वाक्याची होती : "प्लॅस्टिक अजिबात नको." एका गायकवृंदाच्या ध्वनिमुद्रणाचा दोन सीडींचा संच, प्रती पाचशे. वृंदाच्या संचालिका बाईंनी नमुना म्हणून खाकी क्राफ्ट बोर्डाचं एक पाकीट आणलं होतं. जाडसर, हाताला खरखरीत, आत मधोमध काळ्या रबराचं बटण आणि त्यावर डिस्क दाबून बसवायची. "असंच काहीतरी करा. हातात घेतल्यावर नैसर्गिक वाटलं पाहिजे," त्या म्हणाल्या. मलाही ते पाकीट आवडलं होतं, हे आधीच कबूल करतो. पुढचे दोन महिने ते आवडणं निस्तरण्यात गेले.

आधी तुलना कशाशी आहे ते सांगतो. सीडीची नेहमीची पारदर्शक डबी पॉलिस्टायरिनची असते. आकार १४२ × १२५ मिलिमीटर, जाडी १० मिलिमीटर, रिकाम्या डबीचं वजन साठ-सत्तर ग्रॅमच्या घरात. आत बसणारी डिस्क १२० मिलिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची आणि जेमतेम पंधरा-सोळा ग्रॅमची. मालापेक्षा डबी चौपट जड. पुठ्ठ्याकडे वळायला एवढं कारण पुरेसं आहे. पण त्या पंधरा ग्रॅममध्ये पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं, आणि या पूर्ण संचात पुनर्वापराला सगळ्यात अवघड वस्तू तीच. वेष्टनानं डिस्क खराब केली तर ती कचऱ्यात जाते, बदली डिस्क बनते, ती पुन्हा पाठवावी लागते, आणि पुठ्ठ्यावर वाचवलेलं सगळं त्या एका फेरीत संपतं. म्हणून मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं की वेष्टनाचं पहिलं काम डिस्क जपणं, रंगाचा विचार त्यानंतर.

नुसता पुठ्ठा आहे म्हणून वस्तू पर्यावरणपूरक ठरत नाही, याचा दाखला सीडीच्याच इतिहासात आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात सीडी साधारण फूटभर उंचीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात विकायच्या. दुकानातल्या मांडण्या एलपी रेकॉर्डच्या मापाच्या होत्या म्हणून, आणि छोटी डबी कुणी सहज खिशात घालू नये म्हणून. त्या लांब खोक्याच्या आत पुन्हा तीच प्लॅस्टिकची डबी असायची. घरी आलं की खोकं थेट केराच्या टोपलीत. कलाकार आणि श्रोत्यांनी बराच आरडाओरडा केल्यावर एप्रिल १९९३ मध्ये हा प्रकार बंद झाला. पुठ्ठा तोही होता.

आता आमची पहिली डमी, म्हणजे कच्चा नमुना. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) खाकी क्राफ्ट, दोन पानांची घडी, प्रत्येक पानाला एक खिसा. बटण नंतर पाहू म्हणून आधी नुसता खिसा केला. एक कोरी डिस्क घेतली, पन्नास वेळा आत-बाहेर केली आणि टेबलावरचा दिवा तिरका धरून वाचनाच्या बाजूकडे पाहिलं. समांतर, केसासारख्या बारीक रेघांची एक झालरच उमटली होती. बोटानं जाणवत नव्हत्या, पण होत्या.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सीडीवरची प्रत्येक रेघ सारखी नसते. माहिती आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल वाटेवर असते आणि शेजारच्या दोन वेढ्यांमध्ये १.६ मायक्रॉनचं अंतर असतं. केंद्राकडून कडेकडे गेलेली रेघ प्रत्येक वेढा आडवा छेदते, त्यामुळे दर वेढ्यात रेघेच्या रुंदीइतकाच तुकडा वाचता येत नाही. सीडीची चूक-दुरुस्ती पद्धत वाटेवरचा साधारण अडीच मिलिमीटरचा सलग खंड भरून काढू शकते, तेव्हा अशी रेघ तिच्या गावीही नसते. वाटेच्या दिशेनंच गेलेली रेघ मात्र एकाच वेढ्याचा लांबलचक भाग खाते. म्हणूनच डिस्क पुसताना केंद्राकडून कडेकडे सरळ पुसायची, गोल नाही, असं सांगतात.

खिशातून ओढलेल्या डिस्कवरच्या रेघा सगळ्या एकाच दिशेच्या, म्हणजे ओढण्याच्या दिशेच्या. मधल्या भागातून गेलेल्या रेघा केंद्राकडून कडेकडे जातात, त्या निरुपद्रवी. पण वरच्या आणि खालच्या बाजूच्या रेघा? कागदावर वर्तुळ काढून त्यात वरच्या टोकाजवळ एक आडवी रेघ मारून पाहा. मधोमध ती बरोबर वाटेच्या दिशेनं जाते. आमच्या डिस्कवर सगळ्यात ठळक रेघ नेमकी तिथेच होती, कडेपासून सात-आठ मिलिमीटर आत, वर एक आणि खाली एक.

बराच वेळ मी बोर्डालाच दोष देत बसलो. मग डमी उसवून सपाट केली आणि रेघेच्या जागी काय येतं ते पाहिलं. खिसा चिकटवण्यासाठी वर आणि खाली दहा मिलिमीटरचे कान दुमडून आत घेतले होते. त्या कानाची डायनं, म्हणजे कापायच्या साच्यानं, कापलेली कड खिशाच्या आत, ओढण्याच्या दिशेला समांतर, डिस्कच्या पृष्ठभागावर रुळासारखी बसत होती. कापलेली कड म्हणजे पुठ्ठ्याची जखम. तिथे तंतू सुटे असतात, भुकटी सांडत असते, आणि कोटेड बोर्ड असेल तर कोटिंगमधल्या चिकणमातीचे आणि चुन्याचे कणही. काळ्या कापडावर कड घासून पाहिली तर पांढुरकी रेघ उमटते. दुसरी कापलेली कड खिशाच्या तोंडाशी होती. तिच्यावरून तर आख्खी डिस्क जात होती.

तिथून पुढे आराखड्याला एकच नियम लावला : खिशाच्या आत एकही कापलेली कड नको.

कानांचा प्रश्न सोपा निघाला. फ्लॅप, म्हणजे पानावर दुमडून खिसा बनवणारा भाग, आधी दुमडायचा आणि पानाचे कान त्याच्यावरून, बाहेरच्या अंगाला चिकटवायचे. कान दिसतात, पण त्यांचा छापील चेहराच वर येतो, तेव्हा वाईट दिसत नाहीत. फक्त फ्लॅपच्या ज्या भागावर ते चिकटणार तिथे वॉर्निश मारायचं नाही, नाहीतर गोंद धरत नाही. तोंडाची कड जास्त त्रासदायक. ती दुमडून शिवणीसारखी पट्टी करावी, म्हणजे डिस्क घडीच्या गोल पाठीवरून सरकेल, असं सुचलं. पहिल्या झटक्यात मी ती पट्टी आत दुमडली, कारण बाहेरून नीटनेटकी दिसते. परिणाम असा की डिस्क आत मजेत गेली आणि बाहेर येताना पट्टीच्या पायरीला अडली. जोर लावल्यावर फाटलेल्या तंतूंसकट बाहेर आली. स्वतःचाच नियम मी पाच मिनिटांत मोडला होता. पट्टी बाहेर दुमडली तेव्हा काम झालं. किंमत इतकीच की बोर्डाची कोरी पाठ चौदा मिलिमीटरच्या पट्टीसारखी बाहेर दिसते. बाईंना ती अजिबात रुचली नाही. "हे अर्धवट राहिल्यासारखं दिसतंय हो," असं त्यांनी तीनदा ऐकवलं.

सरळ घडी आली म्हणजे अंगठ्यासाठी अर्धगोल खाच करता येत नाही. म्हणून खिसाच उथळ केला : पान १३० मिलिमीटर रुंद, फ्लॅप १०८. डिस्कची चौदा-पंधरा मिलिमीटरची चंद्रकोर बाहेर राहते, तिला कडेला धरून ओढायचं. खिशाचं तोंड मधल्या घडीकडे ठेवलं, त्यामुळे संच मिटल्यावर डिस्क निसटायला वाट नाही. छापील बाजू वर, वाचनाची बाजू पानाकडे. वर कोणती बाजू ठेवायची यावर आमच्यात थोडी हुज्जत झाली. सीडीची माहिती छापील बाजूच्याच लगत असते, वर फक्त मायक्रॉनांत मोजावा इतका पातळ लाखेचा थर, तेव्हा ओरखड्याला खरी नाजूक ती बाजू. पण मिटल्यावर दोन चंद्रकोरी समोरासमोर येतात आणि तिथे सरकणं नसतं, नुसता स्पर्श असतो. चालेल असं ठरलं.

बोर्डाच्या निवडीकडे आता येतो. छपाईवाला नमुने दाखवताना नेहमी चेहरा दाखवतो : किती पांढरा, किती गुळगुळीत, रंग कसा बसतो. अशा दुमडलेल्या खिशात मात्र डिस्कला चेहरा कधी शिवतच नाही. पान आणि फ्लॅप दोघांचीही पाठ आत असते. म्हणून मी नमुन्यांचा गठ्ठा उलटा करून पाठीवरूनच हात फिरवत बसलो. खाकी क्राफ्टची पाठ सगळ्यांत खरखरीत. करडी पाठ असलेला रद्दीपासूनचा डुप्लेक्स बोर्ड मनातून घ्यावासा वाटत होता, पण रद्दीत काय काय येऊन पडलंय हे कुणी सांगू शकत नाही, आणि काळ्या कापडावर सगळ्यात जास्त भुकटी त्यानंच सोडली. शेवटी ३०० जीएसएमचा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा फोल्डिंग बॉक्स बोर्ड घेतला, पाठीला हलकं कोटिंग असलेला. ताज्या लगद्याचा. "म्हणजे झाडं तोडून?" बाईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. हो. ज्या बाबतीत तडजोड केली ती ही. नुसतं बाहेरचं खोकं असतं तर रद्दीचाच बोर्ड घेतला असता. इथे डिस्कला लागून वर्षानुवर्षं राहायचंय.

'लागून राहायचंय' यावरून त्या रबरी बटणाची गोष्ट. पाचशे प्रती म्हणजे साच्यातून दाबलेल्या डिस्क नव्हेत, रेकॉर्ड केलेल्या सीडी-आर. दाबलेल्या डिस्कमध्ये परावर्तक थर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, सीडी-आरमध्ये बहुधा चांदीचा. चांदीचा आणि गंधकाचा छत्तीसचा आकडा. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या बऱ्याच सीडी पुढे कडेपासून आत तांबूस पडत गेल्या आणि वाजेनाशा झाल्या. त्यांवर चांदीचा थर होता आणि वरची लाख आतल्या छापील कागदातल्या गंधकयुक्त संयुगांना दाद देणारी निघाली. डिस्क डबीत जपून ठेवली होती आणि मारक गोष्ट डबीतच होती.

रबर कणखर करायला बहुधा गंधकच वापरतात. म्हणून त्या काळ्या बटणाची परीक्षा घ्यायची ठरवली. संग्रहालयांत यासाठी एक प्रसिद्ध चाचणी आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ साली अँड्र्यू ऑडी यांनी ती रूढ केली : चांदी, तांबं आणि शिशाचे चकचकीत तुकडे संशयित वस्तूसोबत बंद बाटलीत, थोडं पाणी घालून, ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचे. आम्ही तिची घरगुती धाकटी बहीण केली. तीन बरण्या, तिन्हींत घासून लखलखीत केलेली चांदीची पट्टी. एकीत रबराचं बटण, दुसरीत आमचा बोर्ड आणि गोंद, तिसरी रिकामी. चार आठवड्यांनी रबराच्या बरणीतली पट्टी आधी पिवळट, मग तपकिरी होत कडांना काळी पडली होती. बोर्डाची आणि रिकाम्या बरणीतली पट्टी डोळ्यांना सारखीच. याला कुणी शास्त्र म्हणणार नाही, पण बटण काढून टाकायला तेवढं पुरलं. तशी त्याची गरजही उरली नव्हती. खिसा डिस्क धरून होताच, आणि बटण उपटून काढताना डिस्क वाकते ते वेगळंच.

बाईंना बरणी दाखवली. त्यांनी पट्टी उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि खाकी पाकीट आपल्या पिशवीत परत ठेवलं. त्यानंतर 'नैसर्गिक' हा शब्द आमच्या बोलण्यात आला नाही.

लॅमिनेशनवर मात्र त्या ठाम होत्या. हाताळून रंग उडेल, बोटांचे डाग पडतील. भीती खोटी नव्हती. पण प्लॅस्टिकची फिल्म चिकटवली की लगदा करताना तिचे तुकडे गाळात निघतात, आणि "प्लॅस्टिक नको" हे वाक्य वाऱ्यावर जातं. शिवाय फिल्म एकाच अंगाला. मी एक डमी लॅमिनेट करून एक तशीच, अशा दोन्ही रात्रभर न्हाणीघरात टांगल्या. सकाळी लॅमिनेटवाल्या डमीची पानं फिल्मच्या बाजूला द्रोणासारखी वळली होती. कोरी पाठ ओल पिऊन फुगते आणि फिल्म फुगत नाही, म्हणून. पाण्यावर आधारलेलं वॉर्निश घेतलं. त्यानं डाग पूर्ण थांबत नाहीत. म्हणून चित्रातच फेरफार केला : गडद सपाट रंग काढून पोताचं, मधल्या छटांचं चित्र घेतलं, ज्यावर बोट उठून दिसत नाही. घडीवरही गडद रंग नको, कारण तिथे शाईला चिरा जातात आणि पांढरी रेघ डोकावते.

ग्रेन, म्हणजे बोर्डातल्या तंतूंची दिशा, घडीला समांतर, म्हणजे उभा ठेवला. घडी स्वच्छ येते हे कारण सगळेच सांगतात. माझ्या मते इथे त्याहून मोठं कारण दुसरं आहे. ओलीनं बोर्ड ग्रेनच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो. आमच्या खिशाची घट्ट बाजू उभी : आतून १२५ मिलिमीटर, त्यात १२० ची डिस्क आणि तिच्या जाडीला लागणारी जागा, म्हणजे दोन्हीकडे जेमतेम दोन-दोन मिलिमीटर मोकळी. ती बाजू स्थिर राहते. वाढ होते ती तोंडाच्या दिशेला, जिथे काही अडत नाही.

बाकीचं भराभर. क्रीझच्या, म्हणजे घडीसाठी दाबलेल्या रेषेच्या, चराची रुंदी क्रीझिंग पट्टीच्या जाडीत बोर्डाच्या जाडीची दीडपट मिळवून धरली. मधला कणा ६ मिलिमीटरचा : बोर्डाचे सहा थर तीन मिलिमीटर, दोन डिस्क २.४, उरलेली सैल. पुस्तिका रद्द, गीतं फ्लॅपवर छापली. गोंद पाण्यातला, कारण गरम गोंदाचे चिकट गोळे कागद कारखान्याच्या जाळ्यांना त्रास देतात. खिशाच्या आत एक थेंबही शाई नाही. आणि छापून आल्यावर शीट आठवडाभर मोकळ्या हवेत ठेवले, कारण तेलाची शाई वाळताना जे वास सोडते ते डिस्कसोबत कोंडून ठेवायचे नव्हते.

सगळं जुळलं, उघडा आराखडा डायवाल्या काकांकडे नेला. त्यांनी पट्टी लावली आणि हसले. फ्लॅप आणि पट्टी मिळून १२२, पान १३०, कणा ६, पान १३०, पुन्हा १२२. बेरीज ५१०. छापखान्याच्या यंत्रावर २० × ३० इंचाचा शीट बसायचा होता, आणि २० इंच म्हणजे ५०८ मिलिमीटर. "कागदावर बसतंय तुमचं, शीटवर नाही," काका म्हणाले. दोन मिलिमीटर कुठूनही काढले असते, पण यंत्राच्या पकडीला दहा-बारा मिलिमीटर आणखी लागतात, ते आणायचे कुठून? पट्टी अरुंद केली तर घडी उलगडू पाहते, पान अरुंद केलं तर चंद्रकोर कण्यात घुसते. शेवटी दुसऱ्या यंत्रावर २३ × ३६ इंचाचा शीट घेतला. उंची कानांसकट १५० मिलिमीटर, एका शीटमध्ये सहा नग. हिशेब केला तर शीटचा साधारण ७७ टक्के भाग वापरात आला, बाकी कातरण. हा आकडा मला अजून बोचतो. पहिल्याच दिवशी शीटचं माप भिंतीवर लावून आराखडा काढायला बसलो असतो तर तो बोचला नसता.

तयार नगाला प्रत्येकी ०.०६८८ चौरस मीटर बोर्ड लागला, म्हणजे २१ ग्रॅमला थोडा कमी. दोन डिस्कसाठी. पन्नास वेळा आत-बाहेर करून पुन्हा तिरक्या दिव्याखाली पाहिलं. मधल्या भागात दोन-तीन पुसट रेघा होत्या, वर आणि खाली नव्हत्या. अगदी नव्या नगात डिस्क किंचित घट्ट सरकते अशी कुरकुर आली, ती पाच-सहा वापरांत मावळते.

संच वाटून झाल्यावर काही महिन्यांनी बाईंचा फोन आला. वृंदातल्या बऱ्याच जणांनी त्या 'अर्धवट' दिसणाऱ्या कोऱ्या पट्टीवर पेन्सिलनं लिहायला सुरुवात केली होती : स्वतःचं नाव, आवडत्या गीताचा क्रमांक, कुणी संच कधी उसना नेला त्याची तारीख. वॉर्निशवर पेन्सिल उमटत नाही, तिथे उमटते. एका गृहस्थांनी पूर्वी हेच बॉलपेननं थेट डिस्कवर लिहून त्या लाखेच्या थराला वळ पाडले होते. "दुसऱ्या आवृत्तीत पट्टी थोडी रुंद करता येईल का?" बाईंनी विचारलं. मी आधी शीटचं माप काढलं. ५८४ मध्ये ५१० जातात, पकड सोडून साठेक मिलिमीटर कातरणीत जात होते. दोन्हीकडे सहा-सहा मिलिमीटर वाढवायचं ठरवून काकांना नव्या डायची मापं पाठवली.